बदल कुठे करायचा, मॉडेलमध्ये की कोडमध्ये? वाचकांचे प्रश्न

मॉडेलवर, म्हणजे प्रणालीच्या आराखड्यावर, आधारलेल्या सॉफ्टवेअरनिर्मितीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. विचारणारे वेगवेगळे आहेत. कुणी आयटी पार्कात बसतं, कुणी हिंगण्याच्या कारखान्यात, कुणाची परीक्षा तोंडावर आहे. जे प्रश्न सारखे होते ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : परदेशी ग्राहकासाठी प्रस्ताव लिहायचा आहे. त्यांच्या कागदपत्रांत एमबीई, एमडीई, एमडीडी आणि एमडीए ही नावं आलटून पालटून येतात. ही एकच गोष्ट आहे की चार? (परसोडी, आयटी पार्क)

चार आहेत, पण एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी. सगळ्यात बाहेरचा डबा एमबीई, म्हणजे मॉडेल-बेस्ड इंजिनिअरिंग. यात मॉडेल मदतीला असतं. आराखडा काढला, त्यावर चर्चा झाली, मग प्रोग्रामरने तो बघून हाताने कोड लिहिला. पुढे आराखडा जुना झाला तरी सॉफ्टवेअर चालतच राहतं. त्याच्या आत एमडीई, म्हणजे मॉडेल-ड्रिव्हन इंजिनिअरिंग. इथे मॉडेल हाच मुख्य ऐवज असतो आणि कोड, चाचण्या, कॉन्फिगरेशन, जुन्या प्रणालीचं स्थलांतर हे सगळं त्यातून यंत्राने निघतं. त्यातला फक्त नवं सॉफ्टवेअर बांधण्याचा भाग म्हणजे एमडीडी (मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंट). आणि एमडीडी करण्याची एक विशिष्ट, मानकांनी बांधलेली रीत म्हणजे एमडीए (मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर). ती ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये मांडली आणि नावाचा ट्रेडमार्कही तिच्याकडेच आहे. यूएमएल (आराखडे काढायची भाषा), मॉफ (अशा भाषांची व्याख्या करायची भाषा), एक्सएमआय (मॉडेल एका टूलमधून दुसऱ्यात न्यायचं स्वरूप), क्यूव्हीटी (मॉडेलच्या रूपांतराचे नियम लिहायचं मानक) ही मंडळी या चौथ्या डब्यातली.

एमडीएची खूण म्हणजे तीन थर. सीआयएममध्ये (संगणकनिरपेक्ष मॉडेल) फक्त धंदा असतो, संगणकाचं नावही नाही. पीआयएममध्ये (प्लॅटफॉर्मनिरपेक्ष मॉडेल) प्रणालीची रचना येते, पण जावा की डॉटनेट हे ठरलेलं नसतं. पीएसएममध्ये (प्लॅटफॉर्मविशिष्ट मॉडेल) तंत्रज्ञान ठरतं: टेबलं कोणती, सेवा कोणत्या, कोणता प्रकार कशात उतरणार. एका थरातून दुसऱ्या थरात जाण्यासाठी रूपांतराचे नियम लिहायचे. त्यासाठीच्या क्यूव्हीटी या मानकाची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. प्रत्यक्षात बरेच संघ पीएसएम गाळतात आणि पीआयएमवर खुणा करून टेम्प्लेटमधून (कोडच्या साच्यातून) सरळ कोड काढतात. आमच्या मते यात काही पाप नाही. तोच व्यवसाय दोन तंत्रज्ञानांवर उतरवायचा असेल तर पीएसएमची मेहनत वसूल होते. एकच तंत्रज्ञान असेल तर सांभाळायला आणखी एक फाइल वाढते, एवढंच.

नावावर मात्र विसंबू नका. सिम्युलिंक या नियंत्रणप्रणालींच्या मॉडेलिंग टूलचे लोक आपल्या पद्धतीला मॉडेल-बेस्ड डिझाइन म्हणतात, पण त्यातून कंट्रोलरचा सी कोड आपोआप निघतो, म्हणजे वरच्या हिशेबाने ती पक्की मॉडेल-ड्रिव्हन आहे. उलट 'आम्ही एमडीए करतो' म्हणणाऱ्या कित्येक ठिकाणी यूएमएलची चित्रं फक्त दस्तऐवजात चिकटवलेली असतात. ग्राहकाला एकच विचारा: रात्री अकराला बिलाचा आकडा चुकला, तर तुमचा माणूस आधी काय उघडतो, मॉडेल की कोड? मॉडेल म्हणाला तर मॉडेल-ड्रिव्हन. कोड म्हणाला तर एमबीई, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

प्रस्तावात तीन याद्या द्या: हाताने संपादित होणाऱ्या फाइली, यंत्राने तयार होणाऱ्या फाइली आणि शेवटी ग्राहकाच्या ताब्यात जाणाऱ्या फाइली. जनरेटर (मॉडेलमधून कोड काढणारा प्रोग्राम) आणि त्याची टेम्प्लेटं तिसऱ्या यादीत आहेत की नाहीत, यावरून पुढे हमखास वाद होतो.

एक्सएमआयबद्दलही आधीच बोलून घ्या. 'एक्सएमआय आहे, मॉडेल कुठल्याही टूलमध्ये उघडेल' हे वाक्य प्रस्तावात घालण्याआधी स्वतः करून पाहा. दोन क्लास, त्यांच्यात एक असोसिएशन (संबंध) आणि एक स्टिरिओटाइप (घटकाला जोडलेली खास खूण), एवढं छोटं मॉडेल एका टूलमधून काढून दुसऱ्यात घाला. क्लास सहसा पोचतात. स्टिरिओटाइप आणि चित्राची मांडणी वाटेत गळते. चित्राच्या देवाणघेवाणीचा भाग यूएमएलच्या मानकात २.५ आवृत्तीत, २०१५ साली आला, आणि सगळी टूलं तो पाळतातच असं नाही.

प्रश्न : कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. मॉडेलमधून जावा कोड काढला, मग त्यात हाताने दुरुस्त्या केल्या. आता मॉडेल बदलून पुन्हा जनरेट केलं की दुरुस्त्या उडतात, म्हणून मॉडेलला कोणी हातच लावत नाही. (वर्धमाननगर)

तुमचा प्रकल्प एमडीडीतून गुपचूप एमबीईत घसरला आहे. परत वर आणता येतो, पण क्रम पाळावा लागेल.

आधी चालू मॉडेल, जुन्याच आवृत्तीचा जनरेटर आणि जुनीच टेम्प्लेटं घेऊन एका रिकाम्या फोल्डरमध्ये कोड काढा. त्याची चालू कोडशी तुलना करा. जो फरक दिसेल ती तुमची हातची कामगिरी. प्रत्येक फरक तीनपैकी एका ढिगात टाका. एखादं क्षेत्र वाढवलं, एखादी अट घातली, तर ती मॉडेलची गोष्ट आहे, मॉडेलमध्ये न्या. तीच दुरुस्ती वीस फाइलींत एकसारखी दिसली, समजा प्रत्येक ठिकाणी पैशासाठी डबल या अंदाजे दशांश प्रकाराऐवजी अचूक बिगडेसिमल केलं असेल, तर चूक टेम्प्लेटमध्ये आहे. तिथे एकदाच दुरुस्त करा. उरलेलं जे खरोखर एकमेव आहे, त्यासाठी वेगळी फाइल हवी. जनरेटरने 'पट्टीआधार' हा अमूर्त क्लास काढावा, तुमचा 'पट्टी' (शेतकऱ्याचा हिशेब) क्लास त्यापासून वारसा घेईल आणि हातचा कोड त्यातच राहील. पहिल्या क्लासचं फोल्डर वेगळं ठेवा आणि तिथे माणसाने लिहायचं नाही, असा नियमच करा. या रचनेला जनरेशन गॅप म्हणतात.

एक्लिप्सचं ईएमएफ हे मॉडेलमधून जावा कोड काढणारं टूल वापरत असाल तर आणखी एक सोय आहे. ईएमएफ प्रत्येक मेथडच्या डोक्यावर '@जनरेटेड' अशी खूण टाकतं आणि पुढच्या वेळी ती खूण दिसली की मेथड पुन्हा लिहितं. खुणेपुढे 'नॉट' लिहिलं की मेथड जशीच्या तशी राहते. मात्र तिला तशी ठेवली की मॉडेलमधले नवे बदलही तिच्यात येत नाहीत, आणि हे कोणी सांगायला येत नाही. त्यापेक्षा मूळ मेथडच्या नावाला शेवटी 'जेन' जोडून ती यंत्राला द्यावी आणि मूळ नावाची स्वतःची मेथड लिहून तिच्यातून 'जेन'वालीला बोलवावं. दोन्ही बाजू जिवंत राहतात.

तिन्ही ढीग निपटले की पुन्हा जनरेट करा. फरक शून्य आला पाहिजे. मग हीच तपासणी रोजच्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअर आपोआप बांधण्याच्या प्रक्रियेत) घाला: कोड नव्याने काढायचा आणि रिपॉझिटरीतल्या कोडपेक्षा एक ओळ जरी वेगळी निघाली तरी बिल्ड पाडायचा. इथे दोन क्षुल्लक गोष्टी फार छळतात. टेम्प्लेटने फाइलीच्या डोक्यावर तारीख-वेळ छापली तर प्रत्येक वेळी प्रत्येक फाइल 'बदललेली' दिसते. तारीख काढून टाका. दुसरं, टेम्प्लेट हॅशमॅपवरून (क्रम न पाळणाऱ्या यादीवरून) फिरत असेल तर क्षेत्रांचा क्रम अधूनमधून हलतो. आधी क्रम लावून घ्या. आणि मॉडेलमधून क्लास काढला म्हणून त्याची जुनी फाइल आपोआप जाईल असं धरू नका. जनरेट करण्याआधी ते फोल्डर रिकामं करणं उत्तम.

याच पत्रात पुढे विचारलं आहे की यूएमएल सोडून अडतीची स्वतःची भाषा करावी का. करता येईल. याला डोमेन-स्पेसिफिक मॉडेलिंग म्हणतात आणि एमडीएशी त्याचा मुख्य फरक इथेच आहे. एमडीएत सगळ्या जगासाठी एकच भाषा घ्यायची आणि तिला खुणा जोडायच्या. इथे एका धंद्यापुरती लहान भाषा करायची, पण तिच्यात त्या धंद्याचेच शब्द. संत्र्याच्या लॉटचं मॉडेल असं दिसेल:

लॉट
　अवस्था आवक, लिलाव, तोल, पट्टी
　आवक → लिलाव : नोंद झाली
　लिलाव → तोल : भाव ठरला
　तोल → पट्टी : वजन आलं
　आकार हमाली : शेतकरी, दर तक्त्यातून
　आकार अडत : खरेदीदार, दर तक्त्यातून

शेवटच्या दोन ओळी बघा. कोणाकडून घ्यायचं हे मॉडेलमध्ये आहे, दर मात्र तक्त्यात. महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. असा बदल इथे एका शब्दाचा आहे आणि पट्टी, पावती, खातेवही तिन्ही ठिकाणी तो जनरेटर पोचवतो. दर मॉडेलमध्ये कोंबला असता, तर दर वेळी पुन्हा जनरेट करा, पुन्हा तपासा, पुन्हा बसवा, असं चक्र मागे लागलं असतं. जे वर्षात चारदा बदलतं तो डेटा, जे चार वर्षांत एकदा बदलतं ते मॉडेल. आम्ही तरी सीमा अशी आखतो.

भाषा एक्सटेक्स्टमध्ये (अशा भाषा बनवायच्या टूलमध्ये) करणार असाल तर देवनागरीसाठी एक सूचना. तिथे 'अवस्था', 'आकार' असे ठरलेले शब्द मराठीत सहज चालतात, कारण ते अवतरणात लिहिलेले असतात. अडतं ते 'लिलाव'सारख्या नावांवर. एक्सटेक्स्टचा तयार नाव-नियम फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा ओळखतो. तो बदलून युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा घालावा लागतो. सरसकट घातला तर मात्र दंड, दुहेरी दंड आणि मराठी अंकही नावात शिरतात, म्हणून ०९६४ ते ०९६एफ वगळा. संख्येचा नियमही फक्त रोमन अंक जाणतो. '१२' लिहायचं असेल तर तोही बदला आणि रूपांतर स्वतः लिहा. शिवाय 'र्‍य' लिहिताना काही कीबोर्ड मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. ते नियमात घेतलं नाही तर 'खरेदीदार' चालतं आणि 'व्यापार्‍याचा' अडतं, आणि पडद्यावर दोन्ही निर्दोष दिसतात. फाइलींचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं वर्कस्पेसमध्ये आणि बिल्डमध्ये, दोन्हीकडे, स्पष्ट लिहा. जावा १८च्या आधी विंडोजवर ते आपोआप तसं नसे आणि तयार झालेल्या पट्टीवर प्रश्नचिन्हांची रांग उमटे.

एकाच अडत्याचं काम असेल तर हा खटाटोप करू नका. भाषा, जनरेटर, संपादक, त्रुटींचे संदेश, हे सगळं तुम्हालाच सांभाळायचं आहे. एकाच साच्याची पण थोडी थोडी वेगळी अशी बरीच सॉफ्टवेअर द्यायची असतील, तरच हिशेब जमतो.

प्रश्न : आमचं टूल म्हणतं, मॉडेल बदला किंवा कोड बदला, दुसरी बाजू आपोआप जुळेल. मग बाकीची कटकट कशाला? (धरमपेठ)

याला राउंड-ट्रिप म्हणतात. क्लासची नावं आणि क्षेत्रं यापुरतं ते चालतं. मॉडेलमध्ये ट्रक आणि त्यातला लॉट यांच्यात तुम्ही कॉम्पोझिशन दाखवलं, म्हणजे ट्रकची नोंद गेली की लॉटही गेला. जावात त्याचं झालं एक साधं क्षेत्र. अॅग्रिगेशनचंही (सैल नातं, एक गेला तरी दुसरा राहतो) तसंच एक साधं क्षेत्र होतं. आता कोडवरून परत मॉडेल काढताना टूलने दोन्हींपैकी काय समजायचं? ते अंदाज करतं किंवा कोडमध्ये टिप्पणीच्या रूपात खूण लपवून ठेवतं, आणि कोणीतरी ती टिप्पणी कचरा समजून पुसतं. मॉडेलमध्ये कोडपेक्षा जास्त अर्थ असेल तर परतीच्या वाटेवर तो सांडणारच. आणि जास्त अर्थ नसेल, तर ते मॉडेल म्हणजे कोडचंच चित्र आहे. त्याच्यामागे वेळ घालवू नये. एकाच दिशेने जा.

प्रश्न : पंप-मोटरच्या कंट्रोलरसाठी सिम्युलिंकमधून सी कोड काढतो. सिम्युलेशन छान, बोर्डावर मात्र लूप वेळेत संपत नाही. शिवाय साइटवरचा इंजिनिअर गेन (कंट्रोलरचा गुणक) सी फाइलीत बदलतो आणि पुढच्या वेळी तो उडतो. (हिंगणा एमआयडीसी)

पहिल्या तक्रारीत आधी डेटा प्रकार बघा. सिम्युलिंकमध्ये काही सांगितलं नाही तर सिग्नल डबल असतो. कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरला दशांश गणिताचं यंत्रच नाही, आणि एम४एफला आहे ते फक्त सिंगलचं (डबलच्या निम्म्या आकाराच्या दशांश प्रकाराचं). म्हणजे दोन्हीकडे डबलची प्रत्येक बेरीज सॉफ्टवेअरने होते आणि एक मिलिसेकंदाचा लूप तिथेच फुगतो. एम४एफ असेल तर सगळं सिंगल करा. एकही स्थिरांक डबल राहिला तर तो शेजारच्या ब्लॉकलाही डबल करू शकतो, म्हणून निघालेल्या सी कोडमध्ये 'डबल' शब्द शोधून खात्री करा. एम३ असेल तर फिक्स्ड-पॉइंट (पूर्णांकांत मांडलेले दशांश). तिथे प्रत्येक सिग्नलची कमाल-किमान मर्यादा लिहून ठेवा आणि बेरजेच्या ब्लॉकवर ओव्हरफ्लो झाला तर सॅच्युरेट करा (आकडा मर्यादेवरच थांबवा), नाहीतर वेग वाढता वाढता अचानक उणे होतो. सॉल्व्हर फिक्स्ड-स्टेपच (ठरावीक वेळेच्या टप्प्यांचा) हवा. सिम्युलेशन व्हेरिएबल-स्टेपवर चालवून 'छान' ठरवलं असेल तर ते पुन्हा करा.

गेनचा मुद्दा याच अंकातल्या बाकी पत्रांसारखा. एम्बेडेड कोडर या सिम्युलिंकमधून सी कोड काढणाऱ्या टूलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये पॅरामीटर कोडमध्ये थेट आकडा म्हणून उतरतो, त्यामुळे बिचाऱ्या साइटवरच्या माणसाला सी फाइल उघडण्यावाचून मार्ग नसतो. त्याला दोष देऊ नका. जे गेन जागेवर लावायचे आहेत, तेवढ्यांचा स्टोरेज क्लास मॉडेलमध्ये एक्सपोर्टेड ग्लोबल करा. मग ते नावाने ओळखता येणारे चल होतात, बाहेरून बदलता येतात आणि कोड पुन्हा काढला तरी जागा सुटत नाही. साइटवर ठरलेला आकडा मॉडेलच्या पॅरामीटर फाइलीत परत आणायचं काम एका माणसाच्या नावावर ठेवा.

दोघे एकाच फाइलीवर काम करतात असंही पत्रात आहे. एसएलएक्स ही सिम्युलिंकची मॉडेल-फाइल आतून झिप केलेली एक्सएमएल असते, गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलचा ओळीनुसार होणारा मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) तिथे चालत नाही. गिटला ती बायनरी म्हणून सांगा, तुलना आणि मर्ज सिम्युलिंकच्याच टूलने करा आणि मोठं मॉडेल मॉडेल-रेफरन्सने फोडा, म्हणजे दोघांचे हात एका फाइलीत पडणार नाहीत.

प्रश्न : एम-० ते एम-३ या पातळ्या सोप्या शब्दांत सांगा, परीक्षेला आहेत. (अंबाझरी)

कळमन्यात आज सकाळी उतरलेला एक ठरावीक लॉट, ही एम-०. सॉफ्टवेअरमधला 'लॉट' हा क्लास, एम-१. 'क्लास' म्हणजे काय, त्याला क्षेत्रं असतात, वारसा असतो, हे सांगणारं यूएमएलचं मेटामॉडेल, एम-२. आणि मेटामॉडेल कसं लिहायचं ते सांगणारं मॉफ, एम-३. त्याच्यावर पातळी नाही, कारण मॉफ स्वतःचं वर्णन स्वतःच्याच शब्दांत करतं. ईएमएफमधलं ईकोअर हेही एम-३चंच. पण त्यात असोसिएशन हा स्वतंत्र घटक नाही. एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन संदर्भ असतात. तोंडी परीक्षेत हे विचारतात.

प्रश्न : आता एआयला मराठीत सांगितलं तरी कोड मिळतो. मग मॉडेल आणि जनरेटर कालबाह्य नाहीत का? (मनीषनगर)

जनरेटरला तेच मॉडेल दिलं की तोच कोड मिळतो, आजही आणि सहा महिन्यांनीही. वर सांगितलेली 'फरक शून्य' ही तपासणी फक्त याच आधारावर उभी आहे. एआयला तीच विनंती दोनदा केली तर दोन वेगळे कोड येऊ शकतात. म्हणून बिल्डच्या साखळीत जनरेटरच्या जागी तो बसवू नका. टेम्प्लेट लिहायला, ओसीएलच्या (मॉडेलवर अटी लिहायच्या भाषेच्या) अटींचा पहिला मसुदा काढायला, जुन्या कोडवरून कच्चं मॉडेल करून घ्यायला खुशाल वापरा. एकदा तपासलं की ती फाइल तुमची, पुढचं काम यंत्राचं.

प्रश्न : कॉलेजच्या प्रवेशप्रक्रियेसाठी लो-कोड (फारसा कोड न लिहिता सॉफ्टवेअर बनवायचा प्लॅटफॉर्म) घ्यावं असं ठरतंय. हे मॉडेल-ड्रिव्हनच का? काय तपासावं? (सिव्हिल लाइन्स)

हो, त्याच कुळातलं. लो-कोड हे नाव २०१४च्या सुमाराला फॉरेस्टरच्या अहवालांतून रुळलं, कल्पना बरीच जुनी. फरक मालकीचा आहे. एमडीएत मेटामॉडेल ओएमजीचं, स्वतःच्या भाषेत तुमचं, लो-कोडमध्ये विक्रेत्याचं. त्यात नसलेली गोष्ट तुम्ही मांडू शकत नाही. बाहेरचा कोड जोडून फक्त ती टाळू शकता.

काही प्लॅटफॉर्म मॉडेलमधून कोड काढतात, आउटसिस्टिम्स त्यातलं. काहींचं रनटाइम (चालवणारं इंजिन) मॉडेल थेट वाचून चालवतं, मेंडिक्स तसं आहे. रनटाइमवाल्यात बदल लवकर दिसतो, पण रनटाइमशिवाय हातात काहीच उरत नाही. त्यामुळे नमुना पाहताना फॉर्म किती झटपट बनतो यावर भाळू नका. तुमच्या प्रवेशातला सगळ्यात किचकट भाग, बहुधा आरक्षणाच्या जागा फेरीगणिक वर्ग होणं, तो त्यांना तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. दोघांनी एकच पान बदललं तर मर्ज कसा होतो ते बघा. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी वापरकर्ते वाढले की शुल्क कशावर वाढतं, माणसांवर की अर्जांवर, ते विचारा. आणि करार संपला तर विद्यार्थ्यांचा डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल, त्यासोबत कोड मिळेल की नुसतं मॉडेल, याचं लेखी उत्तर सही करण्याआधी घ्या.